पेटारा विकणे आहे

अनुभवाचे बोल सांगते. ज्यांच्याकडे नवीकोरी, चकचकीत मोटारहोम असते, त्यांच्याकडे फक्त फोटो असतात. किस्से हवे असतील तर जुनं काहीतरी घ्यावं लागतं, आणि तेही नवऱ्याच्या हट्टापायी!

जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखमधल्या आमच्या मराठी ग्रुपात कुणाकडेही जेवायला जा, श्रीखंडाच्या वाट्या हातात आल्या की कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, तो पेटाऱ्याचा किस्सा सांग ना." मी विचारते, "कुठला?" मग ज्याची त्याची फर्माईश सुरू होते. कुणाला कुकरचा हवा असतो, कुणाला लिंबाचा. माझ्या फ्रीजरमध्ये ओल्या नारळाचा नाही एवढा साठा दोन-तीन उन्हाळ्यांत जमलाय.

पेटारा म्हणजे आमचा फाल्टकॅरॅव्हान, घडीचं घर. गाडीच्या मागे जोडायचा, छातीएवढ्या उंचीचा एक चपटा डबा. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवायचं, छप्पर वर येतं. दोन्ही बाजूंनी पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे, मध्ये कापडाच्या भिंती ताणायच्या आणि झालं घर तयार. निदान व्हिडिओत तरी असंच असतं. प्रत्यक्षात सुहास, म्हणजे माझा नवरा, हँडल फिरवतो, मी अडकलेल्या छपराला खालून डोक्यानं ढकलते आणि नऊ वर्षांची आमची ईरा लांब उभी राहून 'मी यांची कुणी नाही' असा चेहरा करते. सुहास मेकॅनिकल इंजिनियर आहे. दिवसभर ऑफिसात बेअरिंग्ज डिझाइन करतो आणि घरी येऊन या हँडलला शिव्या घालतो. पेटारा आमच्या लग्नापेक्षा जुना आहे. घर पाहावं बांधून म्हणतात, आम्ही पाहिलं घडी घालून!

आधीच सांगून टाकते. मला तो विकायचाय, पहिल्या दिवसापासून. सुहासला विकायचा नाही, हेही पहिल्या दिवसापासून. आमच्या घरात दुसरं कुठलंच भांडण नाही, कारण दुसऱ्या भांडणाला वेळच उरत नाही.

*

खरं म्हणजे घेतानाच मला शंका यायला हवी होती.

विकणारे आजोबा हायडेलबर्गजवळ राहायचे. आम्ही त्यांना फोगेलआजोबा म्हणतो. आम्ही पेटारा बघायला गेलो आणि पोचल्यावर कळलं, की बघायचा कार्यक्रम आमचा आहे! कॉफी आली, केक आला आणि प्रश्न सुरू झाले. हिवाळ्यात कुठं ठेवणार? छपराखाली की उघड्यावर? गाडी कुठली आहे? घरात कुणी सिगरेट ओढतं का? मुलगी गादीवर उड्या मारते का? सुहास गुडघे जुळवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून उत्तरं देत होता. आमच्या कांदेपोह्यांच्या वेळीसुद्धा हा माणूस इतका सरळ बसला नव्हता.

मग आजोबा माझ्याकडे वळले. "तुम्हाला कापडाची घडी घालता येते?"

मी म्हटलं, "मला नऊवारी साडीची घडी घालता येते." नऊवारी म्हणजे केवढी, ते हात पसरून दाखवलं.

आजोबांनी मान डोलावली. "गेनाऊ, अगदी बरोबर. मग घडी तुम्हीच घाला. यांना हात लावू देऊ नका."

निघताना त्यांनी पेटाऱ्याच्या पत्र्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि सांगितलं, "ओला असताना कधीही मिटू नका. कापडाला बुरशी येते." तेव्हापासून आमच्या भागात पाऊस झाला की त्यांचा फोन येतो. "कोरडा आहे ना?" माझ्या लग्नानंतर माझ्या वडिलांनी माझी इतकी चौकशी केली नाही!

*

सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर फर्मान काढलं, की पूजा केल्याशिवाय पेटारा रस्त्यावर आणायचा नाही.

स्वस्तिक काढायचं नाही, एवढी अक्कल आम्हाला जर्मनीत आल्या आल्याच आली होती. कुंकवानं ॐ काढला. नारळ जोडणीच्या लोखंडी दांड्यावर फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी खाली येऊन विचारलं, "कॉकटेल करताय का?" लिंबू-मिरची दर्शनी भागी नको म्हणून सुहासनं ती मागच्या बाजूला, पार ॲक्सलजवळ बांधली आणि आम्ही विसरून गेलो.

पुढे गाडीच्या सक्तीच्या तपासणीची वेळ आली. तिला जर्मन भाषेत 'हाउप्टउंटरझूखुंग' म्हणतात. शब्द उच्चारेपर्यंत निम्मी तपासणी होते. तपासनीस टॉर्च घेऊन पेटाऱ्याखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात काळंठिक्कर, वाळकं, दोऱ्याला लोंबकळणारं काहीतरी होतं.

"हे काय आहे?"

सुहास म्हणाला, "सुरक्षेसाठी आहे."

"कशापासून?"

"आल्झो... म्हणजे, वाईट नजरेपासून."

तपासनीस हसला नाही. त्यानं ती मिरची उलटसुलट करून बघितली, मूळ जागी धरून बघितली आणि शांतपणे विचारलं, "गाडीच्या कागदपत्रांत याची नोंद केलीय का?" इथं चाकाची रिम बदलली तरी नोंद लागते. सुहासनं मान हलवली. "मग काढावं लागेल," तो म्हणाला, "किंवा नोंदवून आणा."

संध्याकाळी सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग नोंदवून टाक ना! चांगल्या कामात आळस कसला?"

*

पहिल्या सहलीला ग्रुपातली तीन-चार कुटुंबं तंबू घेऊन आमच्याबरोबर आली. सगळे पुरुष इंजिनियर. पेटारा आमच्या जागेवर उलटा न्यायचा होता, आणि सात सुगरणी अन् भाजी अळणी म्हणतात ते काय असतं ते मी त्या दिवशी बघितलं.

ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. हे प्रत्येकाला माहीत होतं, हाच घोळ होता. एक जण म्हणे "डावीकडे", म्हणजे स्टिअरिंगच्या. दुसरा म्हणे "डावीकडे", म्हणजे पेटाऱ्याच्या. तिसरा काडी घेऊन मातीत आकृती काढायला बसला. चौथा नितीन. तो पेटाऱ्याच्या मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारत होता, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..."

धप्प!

"बास!"

जगात सगळीकडे थांबा म्हणतात ते आपटण्याच्या आधी. आपल्याकडे 'बास' ही आपटल्याची पावती असते. पेटारा कुंपणाच्या झुडपात घुसला होता आणि एका आजींनी तंबूपुढे शोभेला ठेवलेला लाल टोपीवाला प्लॅस्टरचा बुटका आडवा झाला होता.

समोर दोन जर्मन गृहस्थ बिअर पीत बसले होते. ते उठले, पेटारा गाडीपासून सोडवला, हातानंच ढकलत जागेवर नेऊन ठेवला, बुटका उभा केला आणि परत जाऊन बिअर उचलली.

सुहास ओशाळून म्हणाला, "तसं तर आपणही करू शकलो असतो."

नितीन म्हणाला, "शकलो असतो रे, पण मग गाईड कुणी केलं असतं?"

*

त्याच सहलीतला कुकरचा किस्सा. हा माझा आहे, त्यामुळे यात मी बरोबर आहे.

इथल्या कॅम्पिंगच्या जागांवर दुपारी एक ते तीन 'मिटाग्सरूहे' असते. म्हणजे दुपारची शांतता. गाडी सुरू करायची नाही, खिळा ठोकायचा नाही, पोरांनी ओरडायचं नाही. मला नियम माहीत होता. तुरीच्या डाळीला माहीत नव्हता. मी पेटाऱ्यातल्या इवल्याशा शेगडीवर कुकर चढवला होता. दोन शिट्ट्या झाल्या आणि सायकलवरून प्लाट्सवार्ट आला, म्हणजे तिथला व्यवस्थापक. पाठोपाठ आजूबाजूचे लोक अर्ध्या चड्ड्यांवर बाहेर आले. त्यांना वाटलं गॅस गळतोय.

"मिटाग्सरूहे!" तो घड्याळावर बोट ठेवून म्हणाला.

मी म्हटलं, "हो, फक्त एक राहिलीय."

"कधी होणार?"

"सांगता येत नाही. तिच्या मनावर आहे."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी विसरणार नाही. आवाज होणार हे त्याला चाललं असतं, पण कधी होणार ते माहीत नाही, हे कसं चालावं? मी म्हटलं बंद करते, पण डाळ कच्ची राहील आणि मग एवढ्या माणसांचं पोट बिघडेल. तुमच्याकडे संडास किती आहेत? त्यानं विचार केला आणि तो थांबला. सगळेच थांबले. लोक पेटाऱ्याभोवती हाताची घडी घालून, श्वास रोखून उभे राहिले. अखेर ती आली. चांगली लांबलचक, दम खाऊन आलेली शिट्टी! एका छोट्या मुलानं टाळ्या वाजवल्या. प्लाट्सवार्ट आभार मानत मला "डांके" म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

दुसऱ्या दिवशी सूचनांच्या फळ्यावर एक नवी ओळ आली होती. 'दुपारी एक ते तीन शिट्टी वाजवणारी भांडी वापरण्यास मनाई आहे.' मराठी माणसानं जर्मन कायद्यात भर घातली नाही, असं आता कुणी म्हणू नये.

*

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई आणि सासरे आले, आणि माझ्या आशा पालवल्या.

आधी थोडा इतिहास. सुहासनं पेटारा घेतला तेव्हा फोनवर आईंना सांगितलं होतं, "आता सुट्टीत तलावाकाठी राहतो आम्ही." आईंनी कोथरूडच्या त्यांच्या भिशीत सांगितलं, "सुहासनं तलावाकाठी दुसरं घर घेतलं." ही बातमी त्यांच्या जाऊबाईंपर्यंत पोचेस्तोवर तिथं आंब्याची झाडं आणि रखवालदारही आला होता.

बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले, "मी हिला म्हटलं होतं, त्याला चाकं आहेत. तर म्हणाली, तेवढं बारीक सांगायची काही गरज नाही."

पेटारा आम्ही गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात ठेवतो. आईंना तिथं नेलं. पूजेच्या फोटोत त्यांना नुसतं चाक आणि ॐ दिसला होता. त्यांनी गवताच्या भाऱ्याशेजारचा तो चपटा डबा बघितला, मग त्याच्या पलीकडे बघितलं.

"आणि घर कुठाय?"

"आई, हेच. उघडायचं असतं."

त्यांनी पेटाऱ्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. "अरे, मी पेढे वाटले रे!"

त्या रात्री जेवताना मी विकण्याचा विषय काढला. सुहासला आईवर फार भरवसा. तो म्हणाला, "ठीक आहे. आई दोनदा येऊन राहू दे. ती म्हणाली विक, तर विकतो. शब्द!" मी लगेच वरणाची वाटी पुढे केली. महाबळेश्वरच्या हॉटेलात ज्यांनी चादर तीनदा बदलून घेतली होती, त्या माझ्या सासूबाई. खटला मी तिथंच जिंकला होता.

*

पहिल्याच मुक्कामाला पाऊस. पुढच्या पलंगावर छप्पर ठिबकायला लागलं, म्हणून आई, बाबा, ईरा आणि मी सगळे मागच्या पलंगावर सरकलो. चहा झाला होता, चिवड्याचा डबा फिरत होता. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. सुहास छत्री घेऊन दाराबाहेर उभा राहून त्यांना समजावत होता, की या पेटाऱ्याचा तोल कसा अफलातून साधलाय आणि वजन कसं चारी कोपऱ्यांत वाटलं जातं.

चार कोपऱ्यांना चार पाय असतात. ते खाली सोडायचे असतात. मागचे दोन सोडायचे राहिले होते.

आधी चहाचा कप सरकला. मग ईरा. मग पेटाऱ्याचं पुढचं टोक सावकाश आभाळाकडे निघालं आणि आम्ही सगळे चिवड्यासकट कापडी भिंतीत जाऊन बसलो.

बाबा अत्यंत शांतपणे म्हणाले, "सुहास, लोड इकडे जास्त झालाय."

सुहास पुढच्या दांड्याला लोंबकळत ओरडत होता, "कुणी हलू नका!"

"मेल्या, आम्ही नाही हलत, तुझं घर हलतंय!" आई.

"नोखमाल!" ईरा खिदळली. म्हणजे पुन्हा एकदा.

सगळं जमिनीवर आल्यावर आईंनी केसांतला चिवडा झटकला आणि म्हणाल्या, "विकून टाक हे."

मी खाली वाकून शेंगदाणे वेचत होते. जाहिरात माझी मनातल्या मनात लिहून झाली होती.

*

ओला पेटारा घेऊन आम्ही रविवारी परत आलो. फोगेलआजोबांचा फोन येऊन गेलाच होता. आता तो उघडून वाळवायचा कुठं? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पण जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, म्हणजे सुपरमार्केटची पार्किंगची जागा अख्खी मोकळी. ऊनही पडलं होतं. सुहासनं तिथं पेटारा उघडला.

तासाभरात पोलिसांची गाडी आली. दोघं उतरले, टोप्या सरळ करत.

"इथं कॅम्पिंग करता येत नाही."

सुहास म्हणाला, "हो, माहीत आहे. आम्ही राहत नाही इथं, फक्त वाळवतोय."

एवढ्यात बाबा लुंगीवर पलीकडून आले. वाळवायचंच आहे तर म्हणून त्यांनी ट्रॉल्यांच्या दांड्यावर आपले मोजे आणि दोन बनियन वाळत घातले होते, ते उलटे करायला ते निघाले होते. पोलीस बनियनकडे बघत असतानाच मागचा पडदा सरकला आणि आईंनी गाऊनवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून डोकं बाहेर काढलं. "सुहास, पाहुण्यांना विचार रे, चहात साखर चालते का?"

पोलीस म्हणाला, "हे लोक कोण?"

"माझे आईवडील."

"आणि ते इथं राहत नाहीत?"

"नाही," सुहास म्हणाला, "ते पुण्यात राहतात."

*

आणि आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, ग्रुपच सांगतो आणि मला बघून हसतो.

आईंनी निकाल दिला होता, पण सुहास म्हणाला, दोनदा ठरलं होतं. मी उदार मनानं म्हटलं, चल, निरोपाची सहल होऊन जाऊ दे. जाहिरात टाकली होतीच. एका तरुण जोडप्याला पेटारा उघडलेल्या अवस्थेत बघायचा होता, म्हणून त्यांना शनिवारी दुपारी थेट तलावावरच बोलावलं. सुहासचं तोंड सुतकी झालं होतं. मी मात्र गुणगुणत पोळ्या बांधल्या.

शुक्रवारी संध्याकाळी तलावावर पोचतो तोच आईंचा फोन वाजला. त्यांच्या मोठ्या जाऊबाई! मोठे काका आणि मोठ्या काकू युरोप टूरवर होते, ग्रुप न्यूरेम्बर्गला उतरला होता आणि शनिवार मोकळा होता. "कुमुद, इथवर आलो आणि सुहासचं तलावाकाठचं घर न बघता गेलो तर बरं दिसेल का?"

आई फोन ठेवून तशाच बसून राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी जाऊबाईंच्या मुलाचं, प्रशांतचं कौतुक ऐकलं होतं. प्रशांतचा बंगला, प्रशांतची दुसरी गाडी, प्रशांतच्या बंगल्यावरचा झोपाळा. एकदाच, फक्त एकदाच त्यांनी उलट काहीतरी सांगितलं होतं, आणि ते आता उघडं पडणार होतं. मला त्यांची मनापासून दया आली. "आई, आजारी आहे म्हणून सांगूया का?"

"आजारी पडायला काय झालंय मला?" त्या उठल्या. "खुर्च्या बाहेर काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी आम्हाला कामाला लावलं. दांड्यावर माझी चांगली बेडशीट टाकली. चाकांपुढे कुंड्या मांडल्या, त्याही शेजारच्या कॅरॅव्हानमधल्या फ्राउ ब्रांट बाईंकडून मागून आणलेल्या. बाबांना सांगितलं, "तुम्ही फक्त हसायचं."

बाराच्या सुमाराला सुहास काका-काकूंना घेऊन आला. काकू उतरल्या, तलाव बघितला, झाडं बघितली, पेटारा बघितला.

"हे... घर?"

"हे नुसतं पडायला, वहिनी. उन्हाळ्यात इथं घरात कोण बसतंय? बसा." आईंनी खुर्ची पुढे केली.

"मग तुमची जागा कुठवर?"

आईंनी हात उचलला. तो त्या झाडांपासून निघाला, पन्नासेक तंबू आणि कॅरॅव्हानवरून फिरला आणि न्हाणीघरांपाशी जाऊन थांबला. "हे सगळं," त्या म्हणाल्या. "तलाव तेवढा सरकारी."

काकूंच्या हातातलं सरबत थांबलं. "आणि ही सगळी माणसं?"

"भाडेकरू."

माझ्या हातून डाव पडला. बाबांनी तोंड उघडलं, आईंनी बघितलं, बाबा हसले.

"एवढे?"

"उन्हाळ्यात एवढे. थंडीत रिकामंच असतं."

"भाडं देतात वेळेवर?" काकांनी विचारलं.

"जर्मन माणसं आहेत, भाऊजी."

तेवढ्यात फ्राउ ब्रांट प्लमच्या केकची ताटली घेऊन आल्या, पाहुण्यांना बघून हसल्या, ताटली ठेवून गेल्या. "हे असं चालूच असतं," आई म्हणाल्या. "नको म्हटलं तरी आणून देतात."

ईरा डोळे विस्फारून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. "मामा, ओमा ल्यूग्ट!" म्हणजे, आई, आजी खोटं बोलतेय!

"काय म्हणतेय गं पोर?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, "आजी फार आवडते म्हणतेय." आणि तिच्या तोंडात केक कोंबला.

एक वाजला. दुपारची शांतता सुरू झाली. चेंडू थांबले, रेडिओ बंद झाले, अख्खं मैदान चिडीचूप. काकू चपापल्या. "एवढी माणसं आणि आवाज कसा नाही?"

"वामकुक्षीच्या वेळी आपल्याकडे आवाज चालत नाही," आई म्हणाल्या.

जेवणं झाली. काकू आता प्रशांतचं नाव काढत नव्हत्या. आई त्यांना आग्रहानं भात वाढत होत्या. इतकं प्रसन्न मी सासूबाईंना कधी बघितलं नव्हतं.

आणि तीनला पाच कमी असताना ते जोडपं आलं. दाढीवाला उंच मुलगा आणि बूट हातात घेतलेली मुलगी. आम्हाला लांबूनच हात केला आणि सरळ पेटाऱ्याकडे गेले. त्यानं टायर दाबून बघितला. तिनं कापड चिमटीत धरून बघितलं. दोघं खाली वाकले, बेडशीट उचलली, एकमेकांकडे बघून हसले. त्यांना पेटारा आवडला होता. मला लांबून दिसत होतं, की त्यांना तो फार आवडला होता. सुहासनं मान खाली घातली. मी पदर खोचतात तशा बाह्या सरसावून उठले.

"आता हे कोण?" काकूंनी विचारलं.

आईंनी चहाचा कप खाली ठेवला. सुहासकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग काकूंकडे वळल्या.

"नवे आहेत. जागा बघायला आलेत."

"मग देणार?"

आईंनी त्या दोघांना डोक्यापासून अनवाणी पायांपर्यंत एकदा न्याहाळलं.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "सांग त्यांना, जागा रिकामी नाही. आणि पुढच्या वर्षीही व्हायची नाही म्हणावं."